सप्टेंबरचे आकडे

९ जानेवारी, गुरुवार

ही वही मी सप्टेंबरात घेतली, रिव्हिएर-बूलो या गावी येताना, वाटेतल्या पेट्रोल पंपावर. पहिल्या दिवसापासून रोज लिहायचं असं ठरवलं होतं. आज जानेवारीचा आठवडा उलटून गेला आणि वहीत काय आहे, तर पहिल्या पानावर कॉफीच्या कपाचा गोल डाग. आधी वाटलं, पहिला गोल मारला की लिहू. मग म्हटलं, नाताळ होऊन जाऊ दे. मग पेन सापडेना. पेन सापडलं तर वही सापडेना. दुसरं कारण नाही, शुद्ध आळस.

लिहायचं कशाला, तर उद्या मी वरच्या संघात गेलो की पेपरवाले येणार. या लोकांना धड स्केटची नाडी बांधता येत नाही, पण माझ्याबद्दल सगळं ठाऊक असल्यासारखे लिहिणार. गरीब घर, अंगणातला बर्फ, बापाने थंडीत पाणी ओतून पोरासाठी बनवलेलं रिंक. आमच्या बापाने कधी पाणी ओतलं नाही. बाप खाणीत असायचा, नाहीतर खाणीतून येऊन झोपलेला असायचा. पाणी आई ओतायची, शाळेची बस चालवून घरी आली की. तर हे कुठेतरी नीट लिहिलेलं असावं, म्हणून ही वही.

मी माथिस ओडेट, बावीस वर्षं, आइस हॉकीत डावा विंगर. चार वर्षांत पाच संघ. मध्ये एक उन्हाळा पश्चिमेला जंगलात झाडं लावली, पाठीला पिशवी आणि हातात फावडं. एकदा फिनलंडला खेळायला जायचं म्हणून निघालो तो हॅलिफॅक्सलाच थांबलो, एका मुलीपायी. मुलगी काही एवढी नव्हती, पण तिच्या घरी माशांचं सूप फार चांगलं करायचे. असो.

आमच्या संघाचं नाव द्राव्हर, म्हणजे नदीतून ओंडके हाकणारे. नदीत गेल्या चाळीस वर्षांत ओंडका आलेला नाही आणि आमच्या संघाकडे बघितलं तर ते सगळे इथेच अडकून पडलेत असं वाटतं. कोच पेपँ उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव विकतो. तरुणपणी फक्त मारामाऱ्या करायला बर्फावर उतरायचा, त्यात नाक तीनदा बसवून घेतलं, आणि आता आम्हाला डावपेच शिकवतो. स्वतःबद्दल बोलताना 'पेपँला हे चालणार नाही' असं म्हणतो, जणू पेपँ शेजारच्या खोलीत बसलाय.

राहतो मादाम थिबोकडे, वरच्या मजल्यावर, यानिक बोलदुकबरोबर. त्याच्याबद्दल उद्या लिहीन. त्याच्याबद्दल लिहायचं म्हटलं की जांभई येते.

११ जानेवारी, शनिवार

उद्या म्हटलं होतं, परवा उजाडला.

आमच्याकडे कोण कुठल्या फळीत खेळणार ते कोच तोंडाने सांगत नाही. सकाळी सरावाला गेलं की आपल्या जागेवर खुंटीला जर्सी लटकलेली असते आणि तिच्या रंगावरून काय ते समजायचं. लाल म्हणजे पहिली फळी. निळी दुसरी, हिरवी तिसरी. राखाडी आली की शनिवारी कोट घालून प्रेक्षकांत बसायचं. आणि पिवळी म्हणजे याला धक्का मारू नका, याच्या डोक्याला लागलंय. जर्सी बघून कुणी काही बोलत नाही. तीस वर्षांचे बाप्ये खुंटीकडे बघतात आणि मुकाट्याने नाड्या बांधायला लागतात. मला हसू येतं. मी सध्या निळा आहे.

यानिक नोव्हेंबरपासून पिवळा आहे. चौतीस वर्षांचा. याआधी लाल होता, माझ्याच जागेवर, डाव्या बाजूला. आता दिवसभर पडदे लावून खोलीत बसतो, काळा चष्मा लावून. घरात! मादाम थिबोने कपबशी आपटली तरी कपाळ धरतो. सराव म्हणून एकटाच कडेने गोल गोल स्केटिंग करतो, म्हाताऱ्या बाया रविवारी करतात तसं. दोन महिने! माझा खांदा निखळला होता तेव्हा मी तिसऱ्या दिवशी खेळलो.

त्या डोक्याच्या भानगडीची एक चाचणीच असते. सप्टेंबरात सगळ्यांना संगणकापुढे बसवतात. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, मग विचारतात कुठले बघितले होते. चौकोन दिसला की बटण दाबा, वगैरे. ते आकडे ठेवून देतात. पुढे कुणाच्या डोक्याला लागलं की तीच चाचणी पुन्हा, आणि आकडे खाली आले तर घरी बसा. आता एवढं समजायला डॉक्टर व्हायला लागत नाही, की सप्टेंबरातच आकडे खाली ठेवले तर नंतर पडायला जागाच राहत नाही. सगळेच करतात. फक्त मी जरा मनापासून केलं. बटण दाबायच्या आधी खिडकीबाहेर सीगल मोजले. शब्द आठवत असून नसल्याचं सांगितलं. फिजिओ जोसियान निकाल बघून म्हणाली, सकाळी काही खाऊन आलायस ना? मी म्हटलं, हो, अंडी.

अंड्यावरून आठवलं. आमचं बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र फेर्नां चालवतो. चालवता चालवता व्हिनेगरमधली अंडी खातो, बरणी मांडीत धरून. नाताळाच्या आधी भर सामन्यात त्याचं एक अंडं निसटून बरोबर मधल्या ठिपक्यावर पडलं. हा पठ्ठ्या उतरला नाही. अंड्याला वळसा घालून सगळा बर्फ केला आणि मधोमध अंडं तसंच ठेवून निघून गेला. शेवटी पंचाने उचललं. या गावात एवढं एकच शहाणं माणूस आहे.

१२ जानेवारी, रविवार

यानिकची मुलगी आली होती. पाच वर्षांची, फ्लोरी नाव. दर रविवारी तिची आई तिला सोडून जाते. बाप अंधारात पलंगावर आडवा, आणि पोरगी दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात बसून बापाला गोष्ट वाचून दाखवते. अजून वाचता येत नाही तिला, चित्रं बघून ठोकून देते. मुलीने बापाला झोपवायचं, असला उलटा संसार मी तरी पाहिला नव्हता. मी जिन्यात उभा राहून जरा ऐकलं. अस्वलाने ट्रक घेतला इथपर्यंत. मग कंटाळा आला.

१८ जानेवारी, शनिवार

काल किनाऱ्यावरच्या संघाशी सामना, त्यांच्या गावात. चार तास बस. मी एक गोल मारला, एक करून दिला. खरं तर मी जिंकून दिला सामना, पण ते कुणी म्हणणार नाही, कारण शेवटचा गोल तिसऱ्या फळीतल्या त्या बावळट सिमारने मारला, तोही पाठीला लागून आत गेला.

दुसऱ्या सत्रात त्यांच्या एका बचावपटूने मला कठड्यावर दाबलं. पकची चकती माझ्या पायात होती, मी खाली बघत होतो. आमच्या खेळात खाली बघणाऱ्याला कुणी माफ करत नाही, ते बरोबरच आहे. मी लगेच उठलो. सगळे म्हणतात लगेच नाही उठलास, पण उठणारा मी होतो, मला माहीत असणार का त्यांना? उठून बेंचवर येऊन बसलो. मागून सगळे खिदळत होते. काय झालं विचारलं तर म्हणे मी त्यांच्या बेंचवर जाऊन बसलो होतो. त्यांच्या कोचच्या शेजारी. मी म्हटलं, मुद्दाम बसलो होतो, बघत होतो तुमचं तोंड कसं होतं ते. सिमार अजून हसतोय. सिमारला कशाचंही हसू येतं, त्याला रुमालाचंही येतं.

पेपँ आला. म्हणाला, जरा हललास का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, पेपँला तू पुढच्या सत्रात हवायस. संपला विषय. डॉक्टरकी इतकी सोपी असती तर मीही झालो असतो.

गोल मी त्या धडकेच्या आधी मारला की नंतर, यावर बसमध्ये पैज लागली. मी म्हटलं नंतर. आधी होता म्हणे. काय फरक पडतो, फळ्यावर तर एकच दिसतो.

मादाम थिबोने आज शेपर्ड्स पाय केला होता, कणीस, बटाटा आणि खिमा. सगळा उलटला. म्हातारीने खिमा नक्की गेल्या आठवड्यातला वापरलाय. मादाम म्हणते यानिकने आणि तिनेही तोच खाल्ला. त्यांची पोटं गावठी आहेत.

२० जानेवारी, सोमवार

जोसियानने चाचणीला बसवलं. नियम आहे म्हणे, व्हिडिओ बघून ठरवलं म्हणे. त्या खोलीत पडदे नाहीत, संगणकाचा पडदा असला झगझगीत की डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, उजेड लागतोय का? मी म्हटलं, नाही, काल झोप नव्हती.

यावेळी मी एकही चूक मुद्दाम केली नाही. कारण साधं आहे. सप्टेंबरात आकडे खाली ठेवलेत, आता खरं खेळलो तर आकडे आभाळाला जातील आणि ती तोंडात बोट घालेल. गंमत बघू, म्हटलं. शब्द नीट लक्षात ठेवले, ओठांत घोळवले. आकृत्या बघताना बोटाने मांडीवर काढल्या. चौकोन दिसला की बटण. घाम फुटेपर्यंत केलं. शाळेत एवढं कधी केलं असतं तर आज मी पाणबुड्या बनवत असतो.

आणि निकाल काय? सप्टेंबरात होते तेवढेच. जवळजवळ तेच आकडे.

म्हणजे चाचणीच बोगस आहे! एक माणूस खिडकीबाहेरचे पक्षी मोजत देतो आणि दुसरा जीव ओतून देतो, आणि दोघांना सारखेच गुण. यावर हे लोक पगार घेतात. यावर यानिकसारखे दोन दोन महिने गादीवर पडून राहतात.

जोसियान बराच वेळ कागदाकडे बघत होती. बाई चाळिशीची, फार बोलत नाही, केस शेंड्यांना निळे. मग म्हणाली, "सप्टेंबरात तू खरंच एवढाच होतास का, माथिस?"

मी म्हटलं, "माझ्या शाळेत विचारा."

ती हसली नाही. म्हणाली, कागदावर तरी तू जसा होतास तसाच आहेस, त्यामुळे मला तुला थांबवता येत नाही. काही वाटलं, काहीही, तर माझ्याकडे ये; पेपँकडे नको जाऊस. मी बरं म्हटलं. दारातून बाहेर पडलो ते थेट सफाईच्या खोलीत. दोन्ही दारं सारखीच रंगवलीत या गाढवांनी.

२१ जानेवारी, मंगळवार

लाल!

खुंटीला लाल जर्सी. सिमारसुद्धा हसला नाही. सरावानंतर पेपँने बोलावलं. शनिवारी वरच्या संघाचा माणूस येतोय, त्यांचा डावा विंगर हंगामभरासाठी गेलाय, गुडघा. ते मलाच बघायला येतायत. शनिवारी नीट खेळलो तर रविवारी मी शहरात असेन. पगार तिप्पट, विमानाने प्रवास, आणि हॉटेलात स्वतःची खोली, जिथे कुणी अंधारात कपाळ धरून बसलेलं नसेल.

चार वर्षं मी या एका गोष्टीसाठी गावोगावच्या थंड ड्रेसिंग रूममध्ये ओले मोजे घालतोय. चार दिवस राहिले. आता मला कुणीही अडवू शकत नाही. जोसियान नाही, तिचा संगणक नाही.

यानिकला सांगितलं. तो म्हणाला, छान. एवढंच. जळतोय.

२२ जानेवारी, बुधवार

सरावात दिवे फार लावतात. वीज फुकट आहे का या गावात? येताना यानिकचा काळा चष्मा घालून आलो, त्याला चिडवायला. मग घातलाच ठेवला, बरा वाटतो. त्याने नुसतं बघितलं. मग कपाटातून दुसरा काढून स्वतः घातला. दोन चष्मेवाले समोरासमोर बसून मटाराचं सूप पीत होतो. मादाम म्हणाली, घरात दोन नट आणून ठेवलेत मी.

हे लिहायचं राहूनच गेलं. आमच्याकडे बर्फाचं यंत्र चालवणारा एक फेर्नां आहे. चालवता चालवता अंडी खातो, व्हिनेगरमधली, बरणी मांडीत. नाताळाच्या आधी एक अंडं बर्फाच्या मधोमध पडलं. हा उतरला नाही, वळसा घालून निघून गेला. पंचाने उचललं. हे मी कसं काय लिहिलं नव्हतं कोण जाणे. या गावात एवढा एकच शहाणा आहे.

सरावात तीन वेळा पक माझ्या काठीवरून गेला. नवीन काठी आहे, टेप नीट बसलेली नाही. पेपँ म्हणाला, पेपँला वाटतं तू शनिवारसाठी राखून ठेवतोयस. मी म्हटलं, तेच.

२३ जानेवारी, गुरुवार

आज विशेष काही नाही. सराव हलका होता. दुपारी आडवा झालो तो संध्याकाळीच उठलो, घरात कुणी नव्हतं. कुणाशी बोललो नाही. फोन उशाखाली होता, गरम झालेला. बॅटरी संपलेली. भिकार फोन.

घरी मी नाताळानंतर फोन केलेला नाही. शनिवारनंतर करीन, वरून. आईला एकदम सांगीन. ती फार काही बोलणार नाही. म्हणेल, बस वेळेवर आली होती का?

२४ जानेवारी, शुक्रवार

यानिकने आज डोकं खाल्लं.

मी चहा करत होतो. मी त्याला म्हटलं, शनिवारी वरचा माणूस येतोय. तो म्हणाला, हो, तू सांगितलंस. मी म्हटलं, मंगळवारी सांगितलं असेल. म्हणाला, मंगळवारी सांगितलंस, आणि आज सकाळी, आणि आता. मी म्हटलं, माणसाला आनंद झाला की माणूस सांगतो, तुला माहीत नसेल, तुला शेवटचा आनंद कधी झाला होता?

बस, त्याने तिथेच चष्मा काढला. डोळे असले लाल. आणि विचारलं, "सप्टेंबरात किती मुद्दाम चुकलास?"

मी म्हटलं, सगळे चुकतात.

"सगळे चुकतात. मी सात वर्षं दर सप्टेंबरात ढ होतो. नोव्हेंबरात मला पहिला मार बसला ना, मोठा, सगळ्यांनी बघितला तो, त्यानंतर मी पास झालो होतो. माहितीये तुला? जोसियानने परवानगी दिली. कागद बरोबर होता."

हे मला माहीत नव्हतं. पण मी तसं दाखवलं नाही.

"मग तीन सामने खेळलो," तो म्हणाला. "आणि मग ते दुसरं झालं."

"दुसरं कुठलं?"

"तेच तर. दुसरं काही नव्हतंच. कोपर लागलं कुणाचं तरी. फ्लोरीसुद्धा रडली नसती एवढ्याने."

मग तो किटलीकडे बघत बसला. पाणी उकळून उकळून संपत आलं होतं, मी गॅस बंद करायचा विसरलो होतो, तो उठून बंद करायला गेला आणि जाताना त्याने एका हाताने भिंत धरली. चौतीस वर्षांचा माणूस, घरातल्या घरात.

मी म्हटलं, ही माझी चार वर्षं आहेत यानिक. तुझी संपली म्हणून माझी संपत नाहीत. माझा निकाल चांगला आला. मी तर यावेळी मुद्दाम चुकलोही नव्हतो, जीव ओतून चाचणी दिली होती.

हे ऐकून तो थांबला. असा बघायला लागला की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय.

"जीव ओतून दिलीस," तो म्हणाला, "आणि तेवढेच आकडे आले?"

"हो. म्हणून तर म्हणतो, चाचणी बोगस."

तो खुर्चीत बसला. कपाळ तळहातावर टेकलं. मला वाटलं त्याचं कपाळ दुखायला लागलं असेल. मग हळू आवाजात म्हणाला, "मी पेपँला सांगणार नाही. जोसियानलाही नाही. तू सांगितलं नाहीस तर तुझं कुणाला कळणार नाही, आपल्याकडे तसंच आहे, आणि ते तसंच राहील. पण तू सांग, माट. तुझं तूच सांग. आज सांग."

मी म्हटलं, काय सांगू? मला काही झालेलं नाही.

तो म्हणाला, बरं. आणि चष्मा घालून आत गेला.

जळकं माणूस. माझी लाल जर्सी त्याची होती, एवढंच कारण आहे. कोपर लागलं म्हणे! लोक काय काय कारणं शोधतात खेळायचं नसलं की. तरी एक मात्र सांगतो, आकडे तेवढेच आले याचा त्याला एवढा धक्का का बसावा, ते मला अजून समजलेलं नाही. दोन तास विचार केला. डोकं दुखायला लागलं म्हणून सोडून दिला.

जेवलो नाही. मादामने मेपलच्या पाकाचा गोड पाय केला होता, नुसता वास आला आणि नको झालं. बाईला हल्ली काहीच धड जमत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज.

चारला रिंकवर पोचायचंय. सामन्याच्या दिवशी कोट-टाय लागतो, नियम आहे, म्हणजे गावातली पोरं आपल्याकडे बघून टाय बांधायला शिकतात म्हणे. मी अर्धा तास त्या टायशी झटापट करतोय. नवीन आहे, कापड निसरडं आहे, गाठच बसत नाही. पंधरा वर्षांचा असल्यापासून बांधतोय आणि आज कुठलं टोक कुठून घालायचं तेच समजेना, इतकं वाईट कापड. शेवटी सिमारला फोन करून बोलवावं म्हटलं, मग लाज वाटली. यानिक दारात उभा होता. त्याने येऊन बांधून दिली. पहिली सुटली, पुन्हा बांधावी लागली त्याला. गाठ मात्र चांगली बांधली.

मी म्हटलं, आज बघायला ये. तो म्हणाला, दिवे फार असतात. मी म्हटलं, हं, ते आहेच. आणि दोघंही थोडं हसलो. का ते माहीत नाही.

वरचा माणूस सकाळीच गावात आलाय. पेपँचा निरोप आला, पहिल्या पाच मिनिटांत कुणाला तरी जोरात धडक मार, त्यांना धडका मारणारे आवडतात. मारतो की. मला काय, डोकं खाली घालून घुसायचं. एक धडक, एक गोल, आणि उद्या मी या गावाचं नावसुद्धा विसरेन. तसंही ते मधून मधून आठवत नाही, इतकं टाकाऊ गाव आहे.

बाहेर बर्फ भुरभुरतोय. खाली कुणाची तरी गाडी लागली, कुणाचा तरी आवाज आला. मादाम थिबोकडे शनिवारी पत्ते खेळायला बाया येतात, त्या असतील. म्हाताऱ्या फार हरामखोर, एकमेकींची पानं बघतात आणि

मादाम वर आली होती. मादाम कधी जिना चढत नाही, तिचे गुडघे गेलेत. दारात उभी राहून धापा टाकत होती. "माथिस," म्हणाली, "तुझी आई आलीये खाली."

मी म्हटलं, चुकून दुसऱ्या कुणाची असेल. आई वाल-दोरला असते. इथून पूर्ण दिवसाचा रस्ता, मध्ये ते जंगल, या दिवसांत मूस प्राणी सरळ गाडीवर येतात. अन् ती माझ्या एकाही सामन्याला कधी आलेली नाही, तिला बघवत नाही.

मादाम म्हणाली, तीच आहे, तुझंच नाक आहे तिचं. काल सकाळी शाळेची बस दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देऊन निघाली म्हणे. कोट काढायला तयार नाही. मग मादाम जरा थांबली, आणि माझ्याकडे न बघता टायकडे बघत म्हणाली, "ती म्हणते, तू गुरुवारी दुपारी तिला तीनदा फोन केलास. आणि तिन्ही वेळा एकच विचारलंस. घरी यायचा रस्ता कोणता."

मी कुणालाही फोन केलेला नाही.

ती जिना चढतेय.